सासऱ्यांचा दोर

माती तपासणाऱ्या प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरसाहेबांना जगातल्या वस्तू दोनच प्रकारच्या दिसत: मातीत मिसळलेल्या आणि अजून मिसळायच्या राहिलेल्या. घरात कप फुटला की ते आधी पिशवी घेऊन येत, मग कोणाला लागलं का ते विचारत. बायकोनं हे पंचवीस वर्षं चालवून घेतलं होतं.

प्रयोगशाळेमागच्या चिखलवाटेवर त्यांना वीस पावलांचा नमुना-रस्ता करायचा होता. त्यात माती, राख, चुना आणि मजबुतीला काथ्या घालायचा होता. आठवड्याभरानं मोठे साहेब त्यावरून भरलेला ट्रक नेऊन बघणार होते, आणि मागवलेला काथ्या आला तो कुजका. साहेब तडक घरी आले, माळ्यावर चढले आणि तिथल्या ट्रंकेत त्यांना काथ्याच्या दोराचं जाडजूड वेटोळं सापडलं. बायको बाहेर गेली होती. स्वयंपाकघरातल्या कात्रीनं त्यांनी त्याचे दोन-दोन बोटांचे तुकडे केले. हाताला फोड आले, पण समाधान मोठं होतं.

आठवड्यानं ट्रक गेला आणि रस्त्यावर चाकाचा साधा वणही उठला नाही. साहेब हवेत तरंगतच घरी आले. बायको रिकाम्या ट्रंकेपाशी बसली होती.

"अहो, यातला दोर पाहिलात?"

"तो जुना? अगं, त्यानंच तर रस्ता पास झाला."

"बाबांनी वळलेला शेवटचा दोर होता तो." तिनं ट्रंकेचं झाकण लावलं. "हात थरथरायचे त्यांचे. सैल झाला म्हणून कोणी घेतला नाही. मी आणून ठेवला होता."

"तू घरी नव्हतीस, म्हणून..."

"संध्याकाळी येणारच होते ना मी?"

सासऱ्यांचा जन्म दोर वळण्यात गेला होता, आणि त्यांची एवढीच एक खूण जावयानं मातीत घातली होती, तीही अक्षरशः.

सकाळी ते दोराचे तुकडे उकरून काढायला कुदळ घेऊन रस्त्यावर गेले. आपलं काम कच्चं निघावं असं त्यांना आयुष्यात प्रथमच वाटत होतं. पण रस्ता हटेना. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभाचे तुकडे होऊन ते गाडले गेले होते, तरी पीळ कायम. शेवटी कुदळीचा दांडाच मोडला.

"स्वतःच परीक्षा घेताय? वा!" मोठे साहेब मागे उभे होते. "पुढचा सगळा रस्ता याच काथ्यानं करू. कोणाकडून आणलात?"

"ते आता नाहीत, साहेब."

"मग दुसरा कोणी बघा."

संध्याकाळी बायको स्वतः आली. तिनं चपला काढल्या, रस्त्यावर उभी राहिली आणि टाचेनं दाबून बघितलं.

"चुकलो मी," साहेब म्हणाले.

"चुकलातच." तिचे डोळे भरले होते. "मेला ट्रक गेला वरून, तरी नाही सुटला. आणि बाबा शेवटपर्यंत म्हणत राहिले, माझ्या हातात आता दम नाही. त्यांना हे बघायला मिळायला हवं होतं." मग तिनं चपला हातात घेतल्या. "आता इथून गाडी न्यायची नाही."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी रस्त्याच्या दोन्ही टोकांना पिंपं उभी केली. मग अहवाल लिहायला घेतला. मजबुती: उत्तम. जड वाहनांस योग्य. वाहतूक: कायमची बंद.

'कारण' या रकान्यात त्यांनी लिहिलं: घरगुती.