भिंतीवर देव नको

चांदूर रेल्वेच्या दवाखान्यासमोर सहदेव आणि मुनव्वर मिळून एक अन्नघर चालवत. पेशंटसोबत खेड्यावरून आलेल्या माणसांना दुपारी भाकरी आणि वरण फुकट, एवढाच कारभार. सहदेवची फुलशेती आणि मुनव्वरचं किराणा दुकान यांच्या जिवावर तो बरीच वर्षं चालला. पण कापूस सालोसाल बुडू लागला, तशी फुलं घेणारं कुणी उरलं नाही आणि मुनव्वर दुकानात माशा मारत बसू लागला. सरकारी मदत मिळाली नाही तर दिवाळीनंतर चूल विझणार होती.

पलीकडच्या मठाला भक्तनिवासासाठी अनुदान चुटकीसरशी मिळालं होतं, म्हणून दोघं अमरावतीला आधी ते देणाऱ्या देवस्थानांच्या खात्यात गेले. अन्नघराच्या भिंतीवर दत्ताची एक तसबीर होती आणि तिच्या शेजारी मक्केची, तेवढ्यावरच त्यांनी अर्ज केला. तिथले साहेब म्हणाले, तुमचं देवस्थान फार लहान, तिथं यात्रा भरत नाही. मग ते समाजसेवेच्या खात्यात गेले. तिथं कळलं की देव आहे हीच अडचण आहे. तपासणीला माणूस येईल, त्याला देवधर्म दिसता कामा नये.

"एकाले देव कमी पडते, दुसऱ्याले जास्त होते," परतीच्या बसमध्ये मुनव्वर म्हणाला. "आपलाच देव मापात काहून नाही, सांग बरं."

तसबिरी मुनव्वरच्या दुकानात साखरेच्या पोत्यामागे सुखरूप गेल्या. पण चुलीच्या धुरानं भिंत काळवंडली होती. तसबिरींच्या जागी दोन पांढरे चौकोन उरले. आणि माणसं सवयीनं त्या चौकोनांनाच हात जोडू लागली. सहदेवनं कपाळावर हात मारला. रंग लावायची ऐपत नव्हती. शेवटी त्यानं शेतकी कचेरीतून एक मोठा तक्ता मागून आणला आणि दोन्ही चौकोन झाकतील असा चिकटवला. तक्त्यावर बोंडअळी होती, हातभर लांब, हिरवीगार, बोंडात तोंड खुपसलेली. याहून निधर्मी चित्र साऱ्या वऱ्हाडात सापडणार नाही, असं त्याला वाटलं.

तपासणीच्या दिवशी तो साहेबांना घ्यायला स्टँडवर गेला. साहेब सडपातळ, बोलणं अगदी छापील. दोघं अन्नघरात शिरले आणि सहदेव दारातच थबकला. बोंडअळीला झेंडूचा हार होता. कपाळ असावं अशा ठिकाणी कुंकू होतं. खाली भाकरीचा तुकडा ठेवलेला, आणि जेवायला आलेल्या बाया समोर हात जोडून उभ्या.

भिंतीला फूल वाहिल्याशिवाय पार्बताबाई चूल पेटवत नसे, हे तो गडबडीत पार विसरला होता. स्वयंपाकिणीनं वाहिलं, म्हणून रांगेतल्या बायांनीही वाहिलं.

"हे कोणतं दैवत?" साहेबांनी चष्मा सारखा करत विचारलं.

"दैवत नाही जी, अळी हाय," पार्बताबाई म्हणाली.

"मग हार कशासाठी?"

"फवारे मारून पाह्यले, जात नाही. म्हटलं, आता हात जोडून पाहू. पोट भरलं असीन तं जाय वं बाई आमच्या वावरातून."

कुणी हसलं नाही. साहेबांनी विचारलं, ही पूजा नेमकी कोणत्या धर्माची माणसं करतात. मुनव्वरची बायको आयशाबी भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"अळी कोनाचाबी कापूस खाते, साहेब. तिले धर्म नाही."

संपलं आता, असं सहदेवला वाटलं. तरी आलेल्या माणसाला उपाशी कसं पाठवायचं, म्हणून त्यानं साहेबांना पंगतीत बसवलं. ते जेवले. हात धुवायला पाणी आणायला सहदेव आत गेला आणि तांब्या घेऊन परत आला, तोवर पंगत उठली होती. साहेब तक्त्यापुढे एकटेच उभे होते. इकडेतिकडे पाहून त्यांनी हारातून निसटलेलं एक फूल उचललं, अळीपाशी ठेवलं आणि हात जोडले.

"तिवश्याले आमच्या बाबाचं वावर हाय," ते पुटपुटले. "तिकडूनबी जाय माय."

सहदेव दाराआड सरकला. जरा वेळानं मुद्दाम खाकरून तो बाहेर आला, तेव्हा साहेब पुन्हा छापील बोलू लागले होते.

"भिंतीवर शेतीविषयक प्रबोधन आढळले, असं लिहितो. अनुदानाला हरकत नाही. तक्ता मात्र काढू नका."

"आन् हार, साहेब?"

साहेबांनी चपला पायात सरकवल्या.

"ताजा ठेवत जा," ते म्हणाले.