रखमाजीचा हॉटस्पॉट आणि आठ दारं

पाहुण्याला नाही म्हणायला रखमाजी शिळीमकराची जीभ वळली नाही, एवढंच काय ते झालं. बाकीचं सगळं त्यामागून आपोआप घडत गेलं.

शनिवारी सकाळी राजगड बघायला पुण्याहून सात जण आले आणि गडाच्या पायथ्याला पालीत रखमाजीच्या पडवीत उतरले. नेहमीचंच होतं ते. मंगल, म्हणजे रखमाजीची बायको, पिठलं-भाकरी करायची आणि रखमाजी गडाच्या वाटा सांगायचा. (त्याला स्वतःला गड चढून अकरा वर्षं झाली होती, पण वाटा काही हलत नाहीत.) त्या सातांतला स्वानंद नावाचा चष्मेवाला मोठ्या अदबीने म्हणाला, "काका, आमच्या फोनला इथं रेंजच नाही. तुमचा हॉटस्पॉट देता का दोन मिनिटं? पोचलो म्हणून घरी कळवतो."

"घ्या की! त्यात काय इचारायचं?"

रखमाजीच्या मोबाईललाही साऱ्या घरात एकाच जागी रेंज मिळायची, ती माळ्यावरच्या पूर्वेच्या खिडकीत. म्हणून मोबाईल दिवसभर त्या खिडकीत पिशवीत टांगलेला असे आणि त्याच्या हॉटस्पॉटवरून खाली स्वयंपाकघरातला टॅब चाले. टॅब मंगलच्या बचत गटाचा होता. हॉटस्पॉटला पासवर्ड होता, तो वेल्ह्याच्या मोबाईलवाल्याने घालून दिलेला, चांगला लांबलचक. तो पहिल्या माणसाला सांगतानाच रखमाजीला घाम फुटला. अजून सहा जण रांगेत होते. तेव्हा त्याने सेटिंगमध्ये शिरून पासवर्डच काढून टाकला. दारातल्या रांजणाला कुणी कुलूप लावतं का, असा त्याचा विचार होता. आता विचार वाईट होता असं कुणी म्हणणार नाही. फक्त त्या रांजणात दिवसाला दोन जीबीच पाणी येत होतं आणि ते मध्यरात्रीशिवाय पुन्हा भरत नव्हतं, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

दुपारी चार वाजता, पाहुणे ओढ्यावर फिरायला गेलेले असताना, मंगलची रंगीत तालीम होती.

तालीम कसली, तेही सांगितलं पाहिजे. पुण्याच्या एका मोठ्या खाद्यजत्रेत यंदा वेल्हे भागातल्या एकाच बचत गटाला स्टॉल मिळणार होता. निवड करणाऱ्या बाई रविवारी अकरा वाजता व्हिडिओवर येणार आणि चुलीवरची तांदळाची भाकरी पिठापासून पानापर्यंत न थांबता बघणार. चित्र मध्येच तुटलं तर नंबर पुढच्या गटाला, असं पत्रात स्वच्छ लिहिलं होतं. मंगल तीन वर्षं या स्टॉलसाठी अर्ज करत होती. पहिल्या वर्षी अर्ज उशिरा पोचला, दुसऱ्या वर्षी फोटो उलटा लागला. यंदा पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं.

गटाच्या अध्यक्ष रतनबाई वेल्ह्याला भावाकडे गेल्या होत्या. तालमीपुरत्या त्याच निवड करणाऱ्या बाई झाल्या आणि तिकडून व्हिडिओवर आल्या. मंगलने पीठ मळलं, गोळा घेतला, पाण्याचा हात लावून भाकरी थापली, उचलली आणि...

"मंगल," टॅबमधून रतनबाईंचा आवाज आला, "अगं, तुझं त्वांड उगडंच ऱ्हायलंय. भाकरी बी हवेतच हाय."

मग तो आवाजही गेला. टॅबवर एक गोल फिरत राहिला.

मंगल चुलीपासून उठली, माळ्याची शिडी चढली आणि मोबाईल बघून तशीच खाली आली. तिचा चेहरा पाहून रखमाजी आपण होऊन उभा राहिला.

"अवो, डाटा संपलाय समदा. कुणी प्याला?"

"पाव्हण्यांनी घरी कळवलं जरा."

"दोन जीबी कळवलं? घरच्यांना काय गड दावला व्हय दगड-दगड?"

तेवढ्यात शेजारून बंडूची हाक आली. बंडू हा रखमाजीचा चुलतभाऊ. दोघांच्या घरांत एकच भिंत. "दादा! नेट गेलं का रं? शर्यत बघतुया, फायनलचीच गाडी सुटली व्हती!"

बंडूने गेल्या महिन्यात भिंतभर टीव्ही घेतला होता. बिनपासवर्डाचं नेट दिसताच तो टीव्ही सकाळपासून त्याला चिकटून बैलगाडा शर्यत दाखवत होता.

मंगल शांतपणे म्हणाली (आणि हे शांत बोलणं रखमाजीला फार महागात पडायचं), "उद्या अकराला चित्र अडकलं ना, तर हितनं फुडं पाव्हण्यांचं पिठलं तुमी हाटायचं. म्या गेले माहेरी उत्रोलीला."

"अगं, उद्या अकरापातूर एक थेंब सांडू द्यायचो न्हाई. पाणी कसं राखायचं ते मला शिकवतीस?"

ही बढाई नव्हती. रखमाजी गावचा पाटकरी होता. ओढ्याच्या पाटाचं पाणी कुणाच्या शेताला कधी, किती वेळ सोडायचं, हे गेली वीस वर्षं तोच ठरवायचा. त्याच्या पाळीत कधी कुणाचा वाफा कोरडा राहिला नव्हता. त्याने तडक माळ्यावर जाऊन हॉटस्पॉट बंद केला. पाटाचं मुख्य दारच पाडलं म्हटल्यावर पाणी जाणार कुठं? खाली येऊन त्याने मिशीवर हात फिरवला आणि त्या रात्री दोनदा जेवला.

रविवारी सकाळपासून हॉटस्पॉट बंद. दोन जीबी जसेच्या तसे. सात जण पहाटेच गडावर गेलेले. रतनबाई पहिल्या एसटीने येऊन चुलीशेजारी बसल्या. मंगलने हिरवं लुगडं नेसलं, चूल सारवली, टॅब फळीवर पाट्याच्या वरवंट्याला टेकवून ठेवला. दहा पन्नासला तिने वर बघून हाक दिली, "अवो, सोडा आता!"

रखमाजीने मोठ्या दिमाखात हॉटस्पॉट चालू केला.

"आलं का?"

"न्हाई. जागा न्हाई म्हणतंय."

"कशाची जागा न्हाई?"

"मला काय ठावं? आठ माणसं हायती, आनखी घेनार न्हाई म्हणतंय!"

रखमाजीने खिडकीतून खाली पाहिलं. गडावरून उतरलेले सात जण पडवीत बूट काढत बसले होते आणि सातांच्याही खिशांतून टिंग, टिंग, टिंग असे आवाज येत होते. पलीकडून बंडूचा टीव्ही "हुर्र्याऽऽ" करून ओरडला. काल एकदा वाट दाखवलेली ही सगळी यंत्रं आज न बोलावता, दार उघडायच्या आत येऊन बसली होती. घरचा टॅब तेवढा उंबऱ्याबाहेर.

आता कुणीही पासवर्ड घातला असता. रखमाजीनेही घातला. पण तो मंगलला कळवायचा कसा? तो माळ्यावर, ती चुलीशी. तेव्हा त्याने गळा काढून सांगितला, "मंगल! पासवर्ड घाल! गुंजवणी, आन् फुडं एक-दोन-तीन-चार!"

"घालते!" मंगल म्हणाली.

"थँक्यू काका!" पडवीतून आवाज आला.

"घातला रं दादा!" भिंतीपलीकडून बंडू म्हणाला.

परत आठ. टॅब परत उंबऱ्याबाहेर. रतनबाईंनी कपाळाला हात लावला. "ह्यो मानूस पासवर्ड सांगतुया का दवंडी देतुया?"

दहा पंचावन्न झाले होते. मंगलने पिठात घातलेला हात तसाच ठेवला आणि वर पाहिलं. त्या पाहण्यात राग नव्हता. तीन वर्षांचा अर्ज त्या नजरेत होता.

मग मात्र रखमाजीने डोळे मिटले आणि मोबाईलचा विचार सोडून पाटाचा केला. टोकाच्या वाफ्याला पाणी न्यायचं असलं तर पाटकरी काय करतो? मुख्य दाराशी उघडझाप करत बसत नाही. काठाने चालत जातो आणि वरच्या प्रत्येक वाफ्याचं दार मातीचं ढेकूळ लावून एकेक बंद करतो. मग पाणी जातं कुठं? टोकालाच!

त्याने सेटिंग पुन्हा उघडलं आणि यावेळी सगळं सावकाश, बोट ठेवून वाचलं. खाली, अगदी खाली, जोडलेल्यांची यादी होती. आठ नावं. प्रत्येक नावापुढे एक बटण: 'अडवा'.

"हायती की दारं!" रखमाजी ओरडला.

पण पाटकऱ्याचा एक रिवाज असतो. कुणाचं पाणी तोडायचं तर सांगून तोडायचं, चोरून नाही. रखमाजीने खिडकीतून मान बाहेर काढली.

"स्वानंदराव, माफ करा, तुमचं दार लावतुया!"

"काका, एक मिनिट, फोटो जातोय..."

"लावलं! चैत्रालीताई कोन? तुमचं बी लावलं, राग मानू नका! आन् ह्यो कोन, ह्याचं नावच इंग्रजी हाय, त्यानं आपलं आपन वळखावं!"

एकेक करत सात दारं लागली. आठवं नाव बंडूच्या टीव्हीचं. रखमाजीचं बोट क्षणभर अडखळलं, कारण भावकी.

"बंड्या, तुझं तोडतुया बघ!"

"दादा! धा सेकंद! बैल शर्यतीच्या घाटात हायती रं!"

"बैलांना म्हनावं थांबा. वैनीची भाकरी हाय!"

पलीकडचा "हुर्र्याऽऽ" मध्येच बंद पडला. यादी रिकामी झाली. रखमाजीने नवा पासवर्ड घातला, एकाच यंत्राला जागा ठेवली आणि यावेळी न ओरडता शिडीवरून उतरून, मंगलच्या कानात सांगितला. लग्नानंतर इतक्या हळू आवाजात तो तिच्याशी बहुधा पहिल्यांदाच बोलला असेल. रतनबाईंनी तोंड फिरवून घेतलं.

दहा एकोणसाठला टॅब जोडला गेला. अकराच्या ठोक्याला बाई आल्या.

आणि मग मंगलने जी भाकरी थापली! हाताच्या चार फटक्यांत ती परातीएवढी झाली, तव्यावर पडताना कुठं सुरकुती नाही, निखाऱ्यापाशी उभी केल्यावर अशी टम्म फुगली, की टॅबमधल्या बाई खुर्चीत पुढे सरकल्या. वीस मिनिटं चित्र पाण्यासारखं वाहत राहिलं. रखमाजी परत वर जाऊन खिडकीजवळ मोबाईल धरून, श्वासही बेताने घेत उभा होता. खाली सात जण आणि बंडू पडवीतूनच चुलीकडे बघत बसले होते. नेट नसल्याने त्यांनाही दुसरं काही करण्यासारखं नव्हतं, आणि भाकरी फुगली तेव्हा त्यांनीच पहिली टाळी वाजवली.

"सकाळपासून नऊ गट पाहिले," शेवटी बाई म्हणाल्या. "इतकं स्वच्छ चित्र कुणाचंच नव्हतं. आणि भाकरीबद्दल तर बोलायलाच नको."

बाईंनी चित्राचं नाव आधी घेतलं, हे रखमाजीने नेमकं टिपलं. पुढचे आठ दिवस पालीतल्या एकाही माणसाला ते ऐकल्यावाचून घरी जाता आलं नाही. लोक आपापले मोबाईल घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. तो प्रत्येकाला पडवीत बसवून विचारी, "तुमच्यात किती दारं हायती, ते आदी बघू." बंडूनेही येऊन आपला हॉटस्पॉट बांधून नेला. स्टॉल मिळाला तर आपल्याला पुण्याला जावंच लागणार, तिथलं नेट सांभाळणार कोण, असं म्हणत रखमाजीने पांढरा सदरा इस्त्रीला टाकला.

नवव्या दिवशी निवडीचं पत्र आलं. ओट्यावर सगळी जमली आणि रतनबाईंनी टॅब लांब धरून मोठ्याने वाचलं. पालीच्या गटाची निवड झाली होती! मंगलने पदर डोळ्यांना लावला. रखमाजीने मिशीला पीळ दिला आणि म्हणाला, "फुडं वाचा आक्का. अर्जात भरलेली मानसांची नावं असतील."

"हायती की. भाकरी करनार, मंगल शिळीमकर. हिशेबाला म्या. आन् मदतनीस एक, रखमाजी शिळीमकर."

"बघा!" रखमाजी साऱ्यांकडे वळून म्हणाला. "नेटाला मदतनीस."

"न्हाई," रतनबाईंनी टॅब आणखी लांब धरला. "नेटाचं लिवलंय की मंडपात समद्यांना फुकट वायफाय हाय. तुमच्या नावाफुडं भांडी घासनं लिवलंय. आन् खाली टीप हाय, घासनी आपापली आनावी."