वेंडेल प्रूइटची साक्ष

राष्ट्राध्यक्षांची चौकशी टीव्हीवर सुरू झाली त्या सकाळी ऑर्विल स्टेंगरने दुकान उघडलंच नाही. गवत कापायची यंत्रं दुरुस्त करणं हा त्याचा धंदा, आणि ऐन जूनमध्ये तो बंद ठेवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. पण या राष्ट्राध्यक्षांना ऑर्विलने मत दिलं नव्हतं. ते खोटं बोलतात हे ते निवडून आल्यापासून तो अख्ख्या हार्लन क्रीक गावाला सांगत आला होता, आणि आता वॉशिंग्टनमध्ये संसदेची समितीच ते सिद्ध करणार होती.

पहिल्या साक्षीदाराने हात वर करून शपथ घेतली. तो राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातला अधिकारी होता. राष्ट्राध्यक्षांनी फोनवरून कुणाला तरी 'तपास दाबून टाका' असं सांगितलं, तेव्हा तो म्हणे त्याच खोलीत होता.

"आता बघ," ऑर्विल बायकोला म्हणाला, "हा माणूस त्यांना सोलून काढतो."

नेडीन भांडी पुसता पुसता थांबली. "हा तर वेंडेल. आपल्या शाळेतला वेंडेल प्रूइट. केस काही गेले नाहीत हं त्याचे."

ऑर्विलचे गेले होते. त्याने टोपी डोक्यावर नीट बसवली. "तू त्याच्याबरोबर नाचाला गेली होतीस ना?"

"एकदाच. शाळेच्या शेवटच्या वर्षी." ती पुन्हा भांडं पुसू लागली, पण मघाशी पुसलेलंच.

दुसऱ्या दिवशी साक्ष सुरू व्हायच्या आत नेडीन केस नीट बांधून, ठेवणीतला ब्लाऊज घालून टीव्हीसमोर येऊन बसली.

"त्याला तू दिसणार आहेस का?" ऑर्विलने विचारलं.

"गप ऐक. तो बोलतोय."

ऑर्विलने ऐकलं. आवाज खर्जातला होता, दात सगळे स्वतःचे दिसत होते आणि कोट बेतून शिवलेला होता. राष्ट्राध्यक्षांविषयी तो काय म्हणाला, ते मात्र ऑर्विलच्या डोक्यात शिरलंच नाही.

दुपारी तो पेगच्या खानावळीत गेला. तिथे गल्ल्याच्या वर टीव्ही होता, त्याखाली निम्मं गाव वेंडेलला देशभक्त म्हणत होतं आणि निम्मं गद्दार. गद्दार म्हणणाऱ्यांचा पुढारी होता पेंड-खाद्याचा दुकानदार डेल हॉफर. निवडणुकीपासून ऑर्विलचं आणि त्याचं एकही जेवण भांडणाशिवाय झालं नव्हतं.

"तुमचा हा साक्षीदार धडधडीत खोटं बोलतोय," डेलने नेहमीप्रमाणे काडी टाकली आणि बाह्या सरसावल्या.

"बोलत असेल," ऑर्विल म्हणाला. "शाळेपासून खोटारडाच आहे तो."

डेलने काटा खाली ठेवला. त्याने ऑर्विलकडे निरखून पाहिलं, आणि मग पेगला सांगितलं, "याला अ‍ॅपल पाय दे. माझ्याकडून. वर आईस्क्रीमही घाल."

तेवढ्यात जिल्ह्याच्या वाहिनीची बातमीदार कॅमेरा घेऊन आत आली. तिला साक्षीदाराच्या ओळखीचं कुणीतरी हवं होतं. डेलने ऑर्विलला आईस्क्रीमसकट पुढे ढकललं.

"वेंडेल प्रूइटच्या शब्दावर मी गंजलेलं यंत्रसुद्धा विकत घेणार नाही," ऑर्विल माइकमध्ये म्हणाला. त्याला ते छान जमलं असं वाटलं, म्हणून त्याने ते पुन्हा एकदा सांगितलं.

संध्याकाळच्या बातम्यांत ते दोन्ही वेळा दाखवलं. नेडीनने त्याच्यापुढे ताट जरा जोरातच ठेवलं.

"इतकी वर्षं राष्ट्राध्यक्ष खोटारडे, राष्ट्राध्यक्ष खोटारडे म्हणून मला धड जेवू दिलं नाहीस."

"आहेतच ते."

"आणि वेंडेलही खोटारडा?"

"तोही."

"मग फोनवर बोललं कोण?"

ऑर्विलने बटाटे मागून घेतले.

सकाळपर्यंत त्याच्या बाजूच्या लोकांनी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. डेलच्या पक्षाने मात्र येत्या रविवारच्या सहभोजनात त्याचं भाषण ठेवलं आणि राष्ट्राध्यक्षांच्या नावाची लाल टोपी त्याच्या डोक्यावर चढवली. ऑर्विलने ती गाडीत बसल्याबरोबर काढून सीटखाली कोंबली. आपण नेमके कुणाच्या विरोधात आहोत, हे आता त्यालाही सांगता आलं नसतं. वेंडेलच्या विरोधात, एवढं मात्र नक्की.

त्या दिवशी नेडीनने घरी त्याच्याबरोबर टीव्ही बघायला नकार दिला आणि ती पेगकडे गेली. ऑर्विल तिच्या मागोमाग गेला आणि दुसऱ्या टेबलावर बसला. उलटतपासणी चालू होती. समितीतले राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाचे एक सदस्य हातातल्या कागदावरून वाचत होते.

"श्रीयुत प्रूइट, तुमच्याच गावचे एक प्रतिष्ठित नागरिक, ऑर्विल स्टेंगर, म्हणतात की तुमच्या शब्दावर ते गंजलेलं यंत्रही घेणार नाहीत. ओळखता यांना?"

अख्खी खानावळ ऑर्विलकडे वळली. पेग कॉफी ओतत होती ती कपाबाहेर जाऊ लागली.

वेंडेलने पाण्याचा घोट घेतला. "ओळखतो, साहेब."

"त्यांना तुमच्याविषयी आकस असायचं काही कारण?"

"त्यांना काय कारण असणार? आकस असलाच तर मला आहे." वेंडेलने चष्मा काढला. "त्यांनी नेडीन वेबरशी लग्न केलं. ते मला करायचं होतं. शपथेवर आहे म्हणून सांगतो, तेव्हापासून मला ऑर्विल स्टेंगरचा हेवा वाटतो."

सभागृहात हशा पिकला. त्या सदस्यांनी कागद उलटा ठेवला आणि आपला उरलेला वेळ दुसऱ्या सदस्याला देऊन टाकला.

ऑर्विलचे कान लाल झाले, मग मान, मग टक्कल. तो सावकाश उभा राहिला.

"हा माणूस," तो म्हणाला, "शब्दन् शब्द खरं बोलतोय."

"काल तर म्हणालास, शाळेपासून खोटारडा आहे," डेल म्हणाला.

"शाळेत त्याला शपथ कुठे दिली होती?"

"आणि रविवारचं भाषण?"

"करतो की. ह्याच विषयावर करतो."

घरी जाताना ऑर्विल गाडी हळू चालवत होता. वाटेत भेटेल त्याला हात करत होता, मका पेरलेल्या शेतात कुणी नव्हतं तरी एकदा केला. शेवटी त्याने न राहवून विचारलं, "नेडीन, त्याला खरंच तुझ्याशी लग्न करायचं होतं?"

नेडीन खिडकीबाहेर बघत होती. त्या नाचाच्या कार्यक्रमात वेंडेल तिला सरबताच्या टेबलापाशी उभी करून, डेलच्या बहिणीला गाडीत घालून निघून गेला होता. नवे बूट हातात घेऊन ती एकटी घरी चालत आली होती आणि हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं. भर टीव्हीवर त्याला दरदरून घाम फुटावा, एवढ्या एका इच्छेने ती तीन दिवस त्याच्यापुढे बसली होती.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. इतका खूश तो लग्नातसुद्धा दिसला नव्हता.

"शपथेवर सांगितलंय ना त्याने," ती म्हणाली. "मग खरंच असणार."

ऑर्विलने शीळ घालायला सुरुवात केली. आणि नेडीनच्या मनात पहिल्यांदाच आलं, की राष्ट्राध्यक्ष कदाचित निर्दोष असतील.