सबनीसकाकांचा रविवारचा फोन

फोन उचलल्यावर सबनीसकाका 'हॅलो' म्हणत नसत. "कुठल्या स्टेटमध्ये आहेस?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी शिकागोला नवा होतो आणि त्यांच्याच बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होतो. नळ गळतोय हे सांगायला पहिल्यांदा फोन केला, तर आधी मला "तुमच्याच पायाखाली आहे, काका" असं सांगावं लागलं.

काका निवृत्त इंजिनिअर. काकू जाऊन बरीच वर्षं झाली होती. आता काकांना एकच वेड, गाडीचा इन्शुरन्स. कुठलं राज्य ड्रायव्हरकडे काय मागतं, सगळं तोंडपाठ. डेव्हन ॲव्हेन्यूवर भाजी घेताना इंडियानाची नंबरप्लेट दिसली, की हातातली कोथिंबीर टाकून ते त्या माणसाला गाठायचे. "तुमच्याकडे कंपल्सरी आहे बरं! कार्ड गाडीत ठेवलंय ना?" एका डोहाळजेवणात त्यांनी मिशिगनचा कायदा काढला. "तिथे चूक कुणाचीही असो, तुमचं दवाखान्याचं बिल तुमचीच कंपनी भरते!" उत्सवमूर्ती रडकुंडीला आली. लोक काकांना लांबून पाहून रस्ता बदलत. मीही बदलला असता, पण भाडेकरू जाणार कुठे?

१९८९च्या जानेवारीतल्या एका रविवारी त्यांनी मला चहाला वर बोलावलं. दुपारीच अंधारून आलं होतं. रस्त्यावर बर्फ, त्यामुळे बाहेर कसलाच आवाज नाही. तेवढ्यात फोन वाजला. काकांनी नेहमीचा प्रश्न विचारला, क्षणभर थांबले आणि सुरूच झाले.

"बरं, आज विस्कॉन्सिन. तिथे सक्ती नाही. पण म्हणून काढायचाच नाही असं करू नकोस. ठोकलंस तर भरपाई सुटत नाही..."

पलीकडून हूं नाही की चूं नाही. चहावर साय धरली तरी काका बोलतच होते. मी म्हटलं, झालं, म्हातारा बंद फोनशी बोलतोय. वायोमिंगवर आल्यावर त्यांनी रिसीव्हर हळूच माझ्या कानाला लावला.

फोन बंद नव्हता. पलीकडे कुणीतरी श्वास घेत होतं. सावकाश, अगदी जवळ. मी तोंड उघडणार, तोच काकांनी ओठांवर बोट ठेवलं, रिसीव्हर परत घेतला आणि वायोमिंग पूर्ण केलं. मग पलीकडून फोन ठेवला गेला.

"काका, पोलिसांत कम्प्लेंट करा. कुणीतरी माथेफिरू आहे."

"नितीन आहे," काका म्हणाले. "माझा मुलगा."

नितीनने इन्शुरन्स संपलेली गाडी नेऊन एका माणसाला ठोकलं होतं. माणूस वाचला. पण काकांनी नितीनला घराबाहेर काढलं. "म्हटलं, तोंड दाखवू नकोस. कधी नव्हे ते ऐकलंन माझं."

"पण तो नितीनच आहे कशावरून? कधी बोललाय?"

"नाही. पण दुसरं कोण एवढा वेळ माझं ऐकून घेईल?"

काकांनी रिसीव्हर जागेवर ठेवला.

"कसा आहेस विचारलं की ठेवतो. घरी ये म्हटलं की ठेवतो. इन्शुरन्सवर बोललो की ऐकत राहतो. म्हणून लायब्ररीत जाऊन एकेक स्टेट पाठ केलं. पण पन्नासच आहेत रे. आज वायोमिंग झालं, ते शेवटचं." ते फोनकडे बघत राहिले. "पुढच्या रविवारी काय सांगू त्याला?"

इतके दिवस या माणसाला टाळण्यात माझी अक्कल खर्ची पडली होती. काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"काका, कायदे बदलतात की! आपल्या इलिनॉयमध्येच आता सक्ती येणार म्हणतायत. बाकीच्यांनीही काय काय बदललं असेल, कुणाला ठाऊक?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"खरंच की. मग परत अलाबामापासून धरू?"

"धरा ना," मी म्हणालो. "आणि काका, जरा सावकाश सांगत जा."