बारदाना वजा

तायडेच्या हातात काहीही द्या, तो आधी ते तोलतो. तळहात किंचित वरखाली करतो, डोळे बारीक करतो आणि मगच ती वस्तू काय आहे ते पाहतो. लग्नपत्रिका दिली तरी हेच. माझ्या नातीच्या बारशाला पाळण्याभोवती जमलेल्या बायका ती आजीवर गेली की आत्यावर, याचा खल करत होत्या. तायडेनं तिला दोन्ही हातांवर घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "तीन किलोच्या वर हाय. पण दुपट्टा वजा करा."

भास्कर तायडे नांदुऱ्याच्या एका अडत दुकानात मापाडी होता. मी तिथंच मुनीम. तूर, हरभरा, ज्वारी काट्यावर चढायची, तो वजन पुकारायचा आणि मी लिहायचो. धान्य पोत्यासकट तोललं जातं, पण भाव धान्याचा असतो. म्हणून रिकाम्या पोत्याचं वजन त्यातून कमी करायचं. पोतं, सुतळी, ठिगळ, जे मालाभोवती असतं पण माल नसतं, त्या सगळ्याला आमच्याकडं बारदाना म्हणतात. आम्ही बाकीचे दुकान बंद झालं की बारदाना विसरायचो. तायडे तो घरी घेऊन जायचा.

त्याच्या लेखी जगात दोनच गोष्टी आहेत, माल आणि बारदाना. नारळाची शेंडी बारदाना. जावयाचं हसणं बारदाना. आम्हा दोघांना निरोप द्यायला शेठजींनी समारंभ केला आणि बराच वेळ भाषण केलं. तायडे माझ्या कानात म्हणाला, "क्विंटलभर झालं बे. वजा केलं तं पावशेर निंगन."

त्याच समारंभात, हातात शाल-नारळ असताना, त्यानं मला विचारलं की आता मोकळे झालो, तर सातपुड्यात पायी हिंडायला येतो काय. काट्यावर उभं राहून उत्तरेला ती निळी रेघ तो रोज पाहत आला होता. संग्रामपूरपर्यंत एसटीनं जायचं, पुढं पायथ्यापायथ्यानं तीन-चार दिवस चालायचं, असा त्याचा बेत. मला चालायचा कंटाळा आणि डावा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागलेला. सरळ नाही म्हणायचं जिवावर आलं. मी म्हटलं, "माझं ओझं तू घेत असशील तर येतो."

"हाव," तायडे म्हणाला.

लोक हसले, मीही हसलो, आणि जेवणाची पानं मांडली गेली.

त्यानंतर तायडेला पाठीवरच्या पिशवीचं वेड लागलं. त्याची अट साधी होती. पिशवी रिकामी असताना नसल्यासारखी वाटली पाहिजे आणि भरल्यावर बैलासारखी चालली पाहिजे. खिशात हुकाचा ताणकाटा घेऊन त्यानं अकोल्याची दुकानं पालथी घातली. दुकानदार सांगायचे, ही पन्नास लिटरची, ही साठ लिटरची. तायडे म्हणायचा, लिटर दुधाले ठीक हाय, पिशवीचं वजन सांगा. वजन कोणाला माहीत नसायचं. मग तो पिशवी हुकाला टांगायचा. हलकी निघाली की तीत दुकानातलेच बूट, कुलपं, एकदा तर काउंटरवरचा गणपती भरून पाठीवर घ्यायचा आणि दुकानात येरझाऱ्या घालायचा. त्या गणपतीवरून त्याला एका दुकानात कायमची बंदी झाली.

मोबाइलवर तो परदेशी गिर्यारोहकांचे व्हिडिओ पाहायचा. भाषा कळायची नाही, म्हणून आवाज बंद करून पाहायचा. त्यातला एक गोरा माणूस वजन वाचवायला दात घासायचा ब्रश अर्धा तोडतो, हे पाहिल्यावर तायडेचा हात थांबेना. ब्रश तोडला. शर्टाचं लेबल उसवलं. टॉर्चची दोरी कापली. चपलेचे अंगठे कापायला घेतले, तेव्हा शांताबाईंनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, कात्री उचलून शेजारी नेऊन ठेवली.

शेवटी त्यानं एक चांगली पिशवी मागवली. तिला कमरेशी जाड पट्टा होता आणि पाठीशी धातूच्या दोन सळया. तायडेनं ती तोलली, तोंड वाकडं केलं आणि पट्टा नि सळया दोन्ही बारदाना ठरवून काढून टाकल्या. पिशवी खरंच फुलासारखी झाली. ती भरून तो निघाला आणि दुसऱ्याच दिवशी परत आला. मान पुढं, खांदे लाल आणि पाठ अशी वाकलेली, की हरवलेलं काही शोधत चालल्यासारखा दिसत होता. सगळं ओझं खांद्यावरून कमरेवर उतरवण्याचं काम तो पट्टा करत होता, हे त्याला तेव्हा कळलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माल वजा केला होता. मी तिकटीवरच्या चहाच्या टपरीवर ही गोष्ट वाकून, मान पुढं काढून करून दाखवत असे. टपरीवाला मला त्याबद्दल एखादा चहा फुकट द्यायचा.

मग तायडेनं स्वतःच पिशवी शिवून घेतली. युरियाचं रिकामं पोतं असतं ना, पांढरं, प्लास्टिकच्या विणीचं, ते. वजन काहीच नाही आणि फाटता फाटत नाही. ताडपत्री शिवणाऱ्याकडून त्यानं दुहेरी टीप मारून घेतली, सळयांच्या जागी बांबूच्या कामट्या घातल्या आणि काढलेला कमरपट्टा मुकाट्यानं परत जोडला. पिशवी झकास झाली आणि दर थंडीत ती घेऊन तो एकटाच सातपुड्यात जाऊ लागला. फक्त पोत्यावरची छपाई पाठीवर आली, 'युरिया, निव्वळ वजन ४५ किलो'. तो बसस्टँडवर उभा राहिला की लोक वाचून वाचून हसायचे. तायडेला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. त्याला तेवढंच खटकायचं की पाठीवर लिहिलेलं वजन खरं नाही.

आता खरी गंमत सांगतो. निदान मी ती गंमत म्हणून सांगत आलो.

एका दिवाळीनंतर मी त्याच्या अंगणात गेलो, तर तो पिशवी भरत होता. ब्रश तोडणारा हा माणूस आत दोन ताटल्या ठेवत होता. दोन पेले. दोन घोंगड्या. आणि सर्वांत वर, घडी होणारं एक स्टूल. चांगलं मजबूत, लोखंडी पायांचं, कॅनव्हासच्या बैठकीचं. तायडे जन्मभर मांडी घालून बसलेला माणूस, अगदी बँकेच्या बाकावरही मांडी घालतो. मी विचारलं, हे कायले?

"लागते," तो म्हणाला. मग नेहमीचा प्रश्न, "येतो काय बे?"

त्या वेळी माझ्याकडं साडूच्या घरच्या लग्नाचं कारण होतं. एरवी गुडघा, थंडी, कधी घराला रंग.

टपरीवर मी ते स्टूल खूप चालवलं. लेबल उसवतो आणि फर्निचर नेतो, असं मी म्हणायचो. दोन ताटल्या कोणासाठी, असं कोणी विचारलं की मी सांगायचो, एक त्याची आणि एक भुताची, भूत म्हातारं आहे, त्याला खाली बसता येत नाही. हे इतकं पसरलं की बसस्टँडवर लोक त्याला विचारू लागले, भुताचं तिकीट काढलं काय? तायडे तिकिटाचे पैसे मोजत राहायचा. हे सगळं माझ्यापासून सुरू झालं हे त्याला माहीत होतं की नाही, मी कधी विचारलं नाही. त्याच दिवसांत एकदा तो माझ्या घरी आला, बोलता बोलता टेप काढून माझ्या खुर्चीची उंची मोजली आणि चहा न घेता निघून गेला. टपरीवर तेही सांगितलं.

मागच्या पावसाळ्यात तायडेला न्यूमोनिया झाला. तो दवाखान्यातून घरी आल्यावर मी भेटायला गेलो. तो खाटेवर झोपलेला, हडकलेला. घरात सतरंजी अंथरलेली आणि पाहुण्यांनी भरलेली. मला खाली बसता येत नाही, म्हणून मी भिंतीला धरून उभा राहिलो. शांताबाई आतून ते स्टूल घेऊन आल्या आणि उघडून माझ्यापुढं ठेवलं.

"बसा भाऊजी. तुमचंच हाय."

मला वाटलं, बोलायची पद्धत. मी बसलो. गुडघा कुठंही दुखला नाही. हात टेकावा लागला नाही. माझ्या घरच्या खुर्चीवर बसावं तसा बसलो, तेवढ्याच उंचीवर.

"कोणाले बसू देत नाईत त्यावर," त्या सांगत होत्या. "मी म्हणते, एवढं वझं काऊन नेता दरसाली? तं म्हणतात, तो आयत्या वेळी हाव म्हणला तं? तुमचा बिनसाखरेचा चहाबी येगळा बांधतात. ओझं मी घेईन असं बोलले होते म्हणे."

पाहुण्यांमध्ये टपरीवरचे दोघं होते. कोणी हसलं नाही. खाटेवर तायडेचे डोळे मिटलेले होते, पण झोपलेल्या माणसाचे डोळे इतके घट्ट मिटलेले नसतात.

मी टपरीवर जाऊन सांगितलं की ती दुसरी ताटली भुताची नव्हती, माझी होती. कोणाला ती गोष्ट फारशी आवडली नाही. आधीची चांगली होती, असं टपरीवाला म्हणाला. म्हणून इथं लिहून ठेवतो आहे.

यंदा थंडी पडल्यावर मीच त्याच्या दारात गेलो आणि विचारलं, "येतो काय बे?"

तायडेनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मनात तोललं आणि पिशवी खाली काढली. पिशवी मी घेतो म्हटलं, तर ऐकेना. ठरलं होतं, म्हणाला. शेवटी घोंगड्या तेवढ्या मला दिल्या.

संग्रामपूरला उतरून आम्ही फार लांब गेलो नाही. हरभऱ्याची शेतं संपतात, चढ सुरू होतो आणि एक कोरडा नाला लागतो, तिथपर्यंत. तेवढ्यात दोघांनाही धाप लागली. तायडेनं एका मोहाखाली स्टूल उघडलं, चारी पाय स्थिर बसले का ते दाबून पाहिलं, बैठक पंच्यानं झटकली. मग स्वतः खाली मांडी घालून बसला आणि थर्मासमधून दोन पेल्यांत चहा ओतला. माझ्या पेल्यात साखर नव्हती.

समोर डोंगर होता. मी चहा संपवला. मग म्हटलं, "भास्कर, इतकी वर्षं हे स्टूल रिकामं नेलंस, रिकामं आणलंस. सगळा बारदानाच वाहिलास की."

तायडेनं पेला हातात तोलला. एक घोट घेतला.

"नाई बे मुनीम," तो म्हणाला. "ते म्या मालात धरलं होतं."