पट्ट्यासकट हार्लन

"यंदाची पहिल्या बक्षिसाची निळी फीत माझी! डेल क्रेसगीने आत्तापासून टाळ्या वाजवायचा सराव करावा!"

पेनसिल्व्हेनियातल्या त्या गावात अग्निशामक दलाच्या सभागृहात जुन्या शस्त्रांचे वार्षिक प्रदर्शन भरले होते, आणि दारातच हार्लन स्टॉफरने ही गर्जना केली. गर्जना पोकळ नव्हती. त्याच्यापाशी अमेरिकन यादवी युद्धातली कार्बाईन होती, म्हणजे घोडेस्वाराची आखूड बंदूक. काय तिचे रूप! पोलादावरचे निळे-जांभळे रंग कबुतराच्या मानेसारखे पालटत. अक्रोडाच्या दस्त्यावर सरकारी तपासनिसाची आद्याक्षरे इतकी ठसठशीत, की तो गृहस्थ शिक्का मारून नुकताच जेवायला उठला असावा!

तिच्यात खोट एकच होती, ती म्हणजे तिचा मालक. तिला नुसती टेबलावर ठेवणे त्याला पटेना. तिच्यासोबतचा अस्सल कातडी पट्टा त्याने खांद्यावरून आडवा बांधला, पट्ट्याचा आकडा बंदुकीच्या कडीत अडकवला आणि घोडेस्वाराच्या थाटात तो सभागृहात शिरला. पट्टा मात्र एका उपाशी शिपायाच्या मापाचा होता, आणि हार्लन बायकोने भाजलेल्या सफरचंदाच्या गोड 'पाय'वर पोसलेला!

नियम स्पष्ट होता : टेबलावर असेल त्याच वस्तूचे परीक्षण. हार्लनने आकडा दाबला. उघडेना! पाठीवरचे बक्कल तर मांसात रुतून दिसेनासे झालेले.

"पक्कड आणू का?" बायको अर्लीन म्हणाली.

"पक्कड? अगं, ओरखडा उठेल!"

"मग तेलाचा थेंब?"

"कातड्यावर डाग पडेल, वहिनी!" चार संग्राहक एकदम ओरडले.

"मग पट्टा कापते, झालं!"

सारे सभागृह किंचाळले. सर्वांत मोठ्याने किंचाळला तो हार्लनचा कट्टर प्रतिस्पर्धी डेल. "खबरदार! पट्ट्याआधी हार्लनला कापा! माणसं काय, रोज नवी जन्मतात!"

हार्लनचे डोळे भरून आले. "डेल, मला समजून घेणारा तू एकटाच रे!"

अखेर मार्ग एकच उरला. हार्लन कार्बाईनसकट टेबलावर उताणा झाला, पोट आत ओढले आणि डोळे गच्च मिटले.

पांढरे हातमोजे चढवून परीक्षक ट्रेसलरबाई आल्या. त्यांनी भिंगातून शिक्का न्याहाळला, आणि त्यांचा कोरडा चेहरा लहान मुलीसारखा उजळला. "अप्रतिम! जपणाऱ्याचे हात धन्य आहेत!"

त्यांनी आकड्यावर सहज बोट टेकवले. बंदुकीचा भार आणि पोटाचा ताण दोन्ही गेलेले. आकडा टिच् करून सुटला. बाई कार्बाईन घेऊन उजेडात गेल्या, सारे सभागृह त्यांच्यामागे खिडकीशी लोटले, आणि थोड्याच वेळात निळी फीत दस्त्यावर झळकली. डेलने अगदी मनापासून टाळ्या वाजवल्या.

मग बाईंचे लक्ष टेबलाकडे गेले. "आणि हे काय मांडलंय?"

"ते माझं आहे, बाई," अर्लीन म्हणाली. "दात नवे, गुडघा बदललेला. मूळ भाग फारसे उरले नाहीत."

"अर्लीन," मिटल्या डोळ्यांनीच हार्लन कण्हला, "आकडा सुटेल ना गं?"

"सुटला केव्हाच! ऊठ आता. लोकांना त्या टेबलावर कॉफी मांडायचीय!"