कुमुदकाकूंना न आवडलेले किनारे

आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुमुदकाकूंनी कोकणातले बहुतेक सगळे समुद्रकिनारे पाहिले आहेत आणि त्यांना त्यातला एकही आवडलेला नाही.

सदाशिव पेठेतली आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नसलेली. तिथे कोणीही शनिवार-रविवारला जोडून रजा काढली की पहिल्यांदा काकूंकडे जातो. त्या ज्या किनाऱ्याला जितकी नावं ठेवतात तितका तो प्रत्यक्षात चांगला निघतो, असा आमचा सगळ्यांचा अनुभव आहे.

आम्ही नवे राहायला आलो त्या वर्षी मी त्यांना अलिबागबद्दल विचारलं होतं.

"ओहोटीला समुद्र इतका मागे जातो, की त्याला भेटायला रिक्षा करावी," काकू म्हणाल्या. "मागे उरतो तो चिखल. पाण्यानं पुसलेल्या पाटीसारखा काळा, चकचकीत. आणि त्यातून लोक किल्ल्यापर्यंत चालत जातात. चालायचंच होतं तर पर्वती काय वाईट होती?"

"मग काशीद?"

"पांढरी वाळू म्हणून नुसता गाजावाजा. पांढरी कसली, खूप वेळा धुतलेल्या बनियनचा रंग."

दिवेआगर त्यांना फार सरळ वाटलं. पट्टी ठेवून आखल्यासारखा किनारा आणि मागे सुपारीची झाडं कवायतीला उभी केल्यासारखी. माणसाला बघताना एखादं वळण नको का, असं त्यांचं म्हणणं. हरिहरेश्वरला वळणं होती, तर तिथले खडक आडवे आले. "भोकं पडलीत सगळ्यांना. जाळी पडलेल्या अनारशासारखी. कोणी लक्षच देत नाही." आरे-वारेला एकाशेजारी एक असे दोन किनारे आहेत, त्यावर, "एकावर भागत नव्हतं?" तारकर्लीचं पाणी अतिस्वच्छ. "स्वतःचे पाय दिसतात तळाला. साठीनंतर कोणाला बघायचे असतात स्वतःचे पाय?"

आणि हे सगळं झाल्यावर, दार लावता लावता, "जाऊन या. सांगितलं नाही म्हणू नका."

आम्ही जाऊन आलो. अलिबागला ओहोटी होती आणि चिखल खरंच पुसलेल्या पाटीसारखा दिसत होता. माझी बायको मृणाल बराच वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली आणि म्हणाली, "ही बाई नावं ठेवते, पण बघते मात्र नीट."

काकूंची ही तक्रार फक्त समुद्रापुरती नव्हती. त्या आणि काका रोज सकाळी भाजी आणायला एकत्र निघत, तेव्हा त्यांचा आवाज तळमजल्यापर्यंत येई. "ही बघा, या पायरीचा कोपरा अजून तुटलेलाच. इथे कोणाच्या तरी चपला, दाराबाहेर, अगदी मधोमध. जिन्यात सायकल. जिना आहे की गॅरेज?" रस्त्यावर आल्यावर पुढचा भाग. "डावीकडे स्कूटर आडवी. फरशी निघालीये. महापालिका झोपलीये, झोपू दे."

काका शांतपणे बाजूनं चालत. उंच, शिडशिडीत, काळा चष्मा. धूळ सहन होत नाही म्हणून तो चष्मा, असं काकू सांगत. काका पूर्वी एका छापखान्यात होते. कॅलेंडरं, लग्नपत्रिका, उदबत्तीच्या पुड्यांची वेष्टणं, यांच्या शाया जुळवून देण्याचं त्यांचं काम. मोजकं बोलत आणि लहानांनाही अहो-जाहो करत. इमारतीत सगळ्यांना त्यांची कीव यायची. समोरचे जोशी एकदा मला म्हणाले, "काय कान असतील हो त्या माणसाचे. एवढं ऐकून शाबूत आहेत."

एकदा बुधवार पेठेत मला हे दोघे भेटले. रेडिओ घ्यायला आले होते. दुकानदारानं चार रेडिओ मांडले. काकू एकेकाला झोडपू लागल्या. "हा लाल. लाल म्हणजे अगदी मिठाईच्या दुकानातला. याची बटणं इतकी बारीक, शेंगदाण्याएवढी तरी करायची. याला चकाकी फार. हा करडा त्यातल्या त्यात बरा, पण तोंड पडल्यासारखा दिसतोय." काकांनी करडा घेतला. दुकानदार मला हळूच म्हणाला, "साहेब, काका फार सहनशील आहेत."

मग या हिवाळ्यात काकूंचा आवाज बसला. महिनाभर त्यांनी आलं, ज्येष्ठमध आणि डॉक्टरांवर टीका, यांवर काढला. शेवटी स्वरतंतूवर गाठ निघाली. साधीच होती, छोट्या शस्त्रक्रियेत काढून टाकली. पण डॉक्टरांनी बजावलं, की काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं आणखी ताण येतो.

इमारतीत शांतता पसरली. जोश्यांनी पेढे वाटायची गोष्ट काढली, आम्ही हसलोही.

दोन-तीन दिवसांनी सकाळी जिन्यात काहीतरी धडपडल्याचा आवाज आला. मी दार उघडलं. काका आमच्या मजल्यावर, सायकलीला धरून वाकलेले. पिशवी खाली पडलेली. काकू त्यांचं कोपर दोन्ही हातांनी घट्ट धरून उभ्या. तोंड उघडं, आवाज नाही. त्यांच्या चेहऱ्यावर मी इतकी भीती कधी पाहिली नव्हती.

"काका, लागलं का?"

"नाही, नाही. सायकल इथे आहे ते कळलं नाही."

सायकल भडक पिवळी होती आणि त्या जागी वर्षभर उभी होती.

मी त्यांना आत बसवलं. मृणालनं पाणी दिलं. काकांनी पेल्यासाठी हात पुढे केला तो पेल्याच्या बाजूनं गेला, आणि काकूंनी तो हात धरून पेल्यावर ठेवला. मग काकांनीच चष्मा काढला.

"आता लपवून उपयोग नाही," ते म्हणाले. "काचबिंदू. तीनेक वर्षं झाली, मला दिसत नाही. उजेड कळतो, अंधार कळतो. मध्ये कोणी हललं तर सावली कळते. तेवढंच."

"पण तुम्ही कोणाला बोलला नाहीत."

"छापखान्यातले आमचे एक साहेब होते, त्यांची दृष्टी गेली. तेव्हापासून लोक त्यांच्याशी मोठ्यानं बोलायला लागले. डोळे गेलेल्या माणसाशी लोक ओरडून का बोलतात, मला कळत नाही. मी हिला म्हटलं, माझ्याशी कोणी ओरडून बोललेलं मला चालणार नाही. ही म्हणाली, मग मीच बोलते."

काकू खिडकीबाहेर बघत होत्या.

"आधी ही नुसतं सांगायची. पायरी आली, खड्डा आला. ते ऐकून मला आजारी असल्यासारखं वाटायचं. मग एक दिवस हिनं खड्ड्याला शिव्या घातल्या आणि मला हसू आलं. तेव्हापासून ही पद्धत पडली."

मृणालनं चहा ठेवला. चहा घेताना काकांनी मुद्दा काढला. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, की उरलेला उजेडही आता फार दिवसांचा नाही. गुहागर तेवढं पाहायचं राहिलं होतं. काकूंचा गळा बरा होईपर्यंत थांबावं, तर तोपर्यंत उजेड राहील की नाही कोणी सांगावं.

"तुम्हाला या शनिवारी गाडी काढता येईल का?" त्यांनी विचारलं. "तुमचं खराडीच्या ऑफिसचं काम सांभाळून."

मृणालला त्या शनिवारी कामावर जायचं होतं. मी, काका आणि काकू असे तिघे निघालो.

प्रवासभर गाडीत विचित्र शांतता होती. सातारा गेलं, पाटण गेलं. मी रेडिओ लावला, काकांनी तो बंद करायला सांगितला. कुंभार्ली घाटात मागच्या सीटवर काकूंची चुळबुळ चालली होती. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, हे आरशात दिसत होतं. घाटात चुकीच्या बाजूनं येणाऱ्या एका ट्रककडे बघून त्यांनी जो चेहरा केला, त्यात तीन-चार वाक्यं तरी होती.

गुहागरला पाचच्या सुमारास पोचलो. खोलीत सामान टाकून सुरूच्या झाडांमधून किनाऱ्यावर आलो. काकूंनी काकांना चपला काढायला लावल्या आणि ओल्या वाळूपर्यंत नेऊन उभं केलं. पाणी त्यांच्या पायांवरून गेलं. काकांनी माझ्या दिशेनं मान वळवली.

"हं. सांगा."

मी सुरुवात केली. म्हटलं, समोर अथांग निळा सागर पसरला आहे, त्यावर मावळतीचं सोनं सांडलंय, लाटांची फेसाळ झालर…

"हे तुम्ही कुठेतरी वाचलंय," काका म्हणाले.

"असेल."

"मला यात काही दिसत नाही. नावं ठेवा."

"कशाला?"

"काहीही. जे असेल त्याला."

मी समुद्राकडे बघितलं. चांगल्या समुद्राला नावं ठेवणं सोपं नसतं. मी म्हटलं, पाणी जरा गढूळ आहे. काकूंनी मान हलवली. त्यांना ते पसंत नव्हतं. त्यांनी माझी बाही ओढली आणि बोटानं फेस दाखवला. लाटेच्या कडेला तो पिवळसर जमला होता.

"फेस," मी म्हणालो. "डाळ उतू जाताना येतो तसा. मळकट पिवळा. कोणी झाऱ्यानं काढून टाकलेला नाही."

काका हसले. "आता दिसला. पुढे?"

काकू बोट दाखवत गेल्या आणि मी बोलत गेलो. किनारा लांबलचक, टोक दिसेपर्यंत माणूस कंटाळावा. सुरूची झाडं सगळी एका बाजूला कललेली, बसथांब्यावर कोपराला रेलून उभी असावीत तशी. एक कुटुंब पाण्याकडे पाठ करून फोटो काढतंय. इतक्या लांब येऊन समुद्राला पाठ दाखवली. एक कुत्रं लाटेवर भुंकतंय, लाट आली की पळतंय, परत येतंय, शहाणपण शून्य. सूर्य मोठा झाला होता. काकूंनी त्याच्याकडे बोट केलं आणि पदराआडून पाकीट काढून त्यातली काकांच्या छापखान्यातली एक जुनी लग्नपत्रिका दाखवली. तिची कडा बघून मला कळलं.

"सूर्य लग्नपत्रिकेवरच्या कुंकवाच्या रंगाचा. फार गडद शाई पडलीये."

"थोडी पिवळी मिसळायला हवी होती," काका म्हणाले.

काकूंनी ताबडतोब मान डोलावली. मग त्यांच्या लक्षात आलं, की मान डोलावलेली काकांना कळत नाही. त्यांनी काकांचा हात धरून दोनदा दाबला.

हळूहळू माझ्याकडचं सगळं सांगून संपलं. कुटुंब निघून गेलं, कुत्रंही गेलं. आम्ही तिघं नुसते उभे राहिलो. काकू थोड्या पुढे, पाण्यात.

"आणि ती?" काकांनी विचारलं.

"कोण?"

"ही. ही कशी दिसते आता?"

काकू वळल्या. त्यांनी माझ्याकडे बघून जोरजोरात हात हलवला, नको म्हणून.

"तीन वर्षं ही मला सगळं जग सांगते," काका म्हणाले. "स्वतःबद्दल एक अक्षर नाही. मीही विचारलं नाही. विचारलं असतं तर हिनं विषय बदलला असता. आज ती बोलू शकत नाही. तर तुम्ही सांगा. खरं सांगा, गोड नको."

मी काकूंकडे बघितलं. काकूंचा हात अजून वरच होता, पण हलायचा थांबला होता.

"केस सगळे पांढरे झालेत," मी म्हणालो.

"वाटलंच. मेंदीचा वास येईनासा झाला."

"बारीक झाल्यात. गळ्याशी स्कार्फ आहे, निळा. कपाळावर दोन आठ्या, उभ्या."

"त्या माझ्या वेळच्या नाहीत. नवीन आहेत."

"डोळ्यांखाली काळं आलंय."

पाणी आलं आणि गेलं. काकूंनी वर धरलेला हात खाली घेतला. मग त्यांनी गळ्याचा स्कार्फ सोडला, वाऱ्यानं विस्कटलेले केस दोन्ही हातांनी मागे नेऊन नीट बांधले, खांद्यावरचा पदर सारखा केला, आणि दोन पावलं चालून त्या काकांच्या अगदी समोर, त्यांच्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"हलली ना आता?" काकांनी विचारलं.

"समोर उभ्या आहेत तुमच्या."

"उजेड आहे अजून?"

"आहे थोडा."

"मग सावकाश सांगा," काका म्हणाले. "घाई करू नका."